लाल जमिनीवरची झोप

कलकत्त्याजवळच्या आमच्या कोन्नगरच्या गल्लीत दुपारचा मासळीभात पोटात गेला की माणसं पटापट आडवी होतात. वाणी फळ्या लावतो, रिक्षावाला स्वतःच्याच रिक्षेत पाय वर करून पडतो, आणि कुत्र्यांनासुद्धा भुंकायचा कंटाळा येतो. त्या वेळी कोणाचं दार वाजवलंत तर जन्माचं वैर घ्याल. मी शाळेत भूगोल शिकवायचे तेव्हा रविवारच्या या झोपेवर डोळा ठेवून आठवडा ढकलायचे. या सगळ्या घोरणाऱ्या गल्लीत एकच माणूस जागं असायचं, समोरच्या लाहिडींच्या घरची कामवाली निभाननी, आमची निभा.

जागं म्हणजे दुपारपुरतं नव्हे. निभा झोपतच नसे. तुम्हाला ही थाप वाटेल. मलाही वाटायची. पण माझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात निभा कित्येक दिवस आमच्या घरी तिच्या उशाशी बसली होती, आणि तिला डुलकी घेताना पकडायचा मी चंग बांधला होता. मी उठून बघायचे तेव्हा ती भिंतीला टेकलेली असायची, डोळे उघडे, हातात पंखा. एकदा मीच डोळे मिटून पडले आणि पापणीच्या फटीतून तिच्यावर पाळत ठेवली.

"दिदीमणी, सोंग पुरे झालं," ती पंखा न थांबवता म्हणाली. "चहा टाकू का?"

"सोंग कशावरून?"

"हात बघा तुमचा. झोपलेल्या माणसाचा हात उघडा पडतो. तुमची बोटं वळलेली आहेत."

तेव्हापासून मला सवयच लागली. बसमध्ये, वर्गात, नातेवाइकांत, कोण खरं झोपलंय आणि कोण सोंग घेतंय ते मी हातावरून ओळखते. पाहुण्यांच्या बाबतीत फार उपयोगी पडतं.

गंमत अशी की निभा सुंदरबनातल्या गोसाब्याहून या घरी कामाला आली तेव्हा झोपाळू म्हणून बदनाम होती. बापाने दुसरं लग्न केलं आणि या पोरीला कोणाच्या तरी ओळखीने इकडे पाठवून दिलं. विळीवर मासे चिरता चिरता ती पेंगायची. एकदा डाळ करपली, एकदा दूध मांजराने संपवलं आणि ही शेजारीच बसल्या बसल्या घोरत होती. घरच्या मालकीणबाई कनकलता, आम्ही त्यांना कनकगिन्नी म्हणायचो, तोंडाने फटकळ. त्यांचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा, "हिची झोप कोणीतरी उचलून न्या रे देवा!" हे वाक्य गल्लीतल्या पोरांना पाठ झालं होतं.

त्यांचे यजमान शितांशूबाबू चित्रकार. कलकत्त्यात शिकलेले, नव्या पद्धतीची चित्रं काढायचे. मोठमोठे सपाट रंग, आणि माणसाला नाक असतं हे त्यांना उशिरा आठवायचं. एका उन्हाळ्यात त्यांनी मनावर घेतलं की आपल्या पुढच्या दालनाच्या लाल सिमेंटच्या जमिनीवर दुपारी झोपलेली बाई काढायची. कनकगिन्नींना आडवं व्हायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, घरात काय प्रेत पडलंय का? मग निभाला हुकूम झाला, जेवण आटोपलं की चटई टाकून झोपायचं. पोरगी हरखली. जगात असंही काम असतं, हे तिला माहीतच नव्हतं. कनकगिन्नी रोज भांडी आपटायच्या.

त्यात शितांशूबाबूंना चित्राच्या उजव्या कोपऱ्यात पितळेची चमक हवी होती. त्यांनी बायकोच्या पदराचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि झोपलेल्या निभाच्या पदराला बांधला. माशाच्या आकाराची कडी असलेला तो जुडगा सासूकडून सुनेकडे आलेला, घरच्या मालकिणीखेरीज कोणी पदराला न बांधलेला. तो असा कामवालीच्या पदराला गेला यावरून घरात दोन दिवस चूल धडपणे पेटली नाही. पण चित्रात तो राहिला तो राहिलाच.

चित्र पुरं झालं त्या दुपारी मी तिथे होते. कॉलेजात शिकत होते, आईने लोणच्याची वाटी परत द्यायला पाठवलं होतं. हिरव्या झडपांतून उन्हाच्या पट्ट्या आत आल्या होत्या. निभा कुशीवर, एक हात लांब पसरलेला, तळवा वर, बोटं सैल. चित्रातही तसंच. चेहरा म्हणजे नुसते दोन-चार फटकारे, पण हात मात्र असा उतरला होता की तो उचलून छातीशी ठेवावा असं वाटे. शितांशूबाबू शेवटचं बोट रंगवत होते. ब्रश खाली ठेवून ते अगदी हळू म्हणाले, "झालं."

निभा उठली. झोपलेली माणसं उठतात तशी नाही. आळस नाही, डोळे चोळणं नाही. सरळ उठून बसली आणि आमच्याकडे न बघता चित्राकडे बघितलं.

"दादाबाबू, काय घेतलंत?"

"तुझी झोप घेतली गं," शितांशूबाबू हसून म्हणाले. "गिन्नी केव्हाच्या मागत होत्या ना?"

मीही हसले. गल्लीत सांगितलं तेव्हा गल्लीही हसली.

त्यानंतर निभाला झोप आली नाही. पहिले काही दिवस कनकगिन्नी खूश होत्या, पोरगी सुधारली म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की हिच्या चटईला सुरकुतीही पडत नाही. होमिओपॅथीच्या गोळ्या झाल्या, तारकेश्वरला नवस झाला, दंडात ताईत आला. पोरीच्या अंगाला काहीच झालं नाही, उलट रया तशीच राहिली, कामाला जोर तेवढाच, आणि सगळ्यांना भीती बसली ती याचीच. आजारी पडली असती तर बरं वाटलं असतं. मी एकदा विचारलं की पडून राहिल्यावर काय होतं. ती म्हणाली, काही नाही, वाट बघते. कोणाची, तर म्हणाली, माझीच.

शितांशूबाबूंचं हसणं बंद झालं. एका दुपारी टर्पेंटाइनचा बोळा घेऊन ते चित्रातला तो हात पुसायला निघाले. निभाने त्यांचं मनगट धरलं. मालकाचं मनगट धरणारी ती मुलगी नव्हती, पण त्या दिवशी धरलं. म्हणाली, "ठिकाणच पुसून टाकलंत तर तिने परत यायचं कुठून?" बोळा खाली पडला. पुढे त्यांनी माणूस कधी काढला नाही, होड्या आणि मडकी काढत राहिले. एका मासिकात या चित्राबद्दल लिहून आलं की त्यात बंगालच्या दुपारची सारी शांती उतरली आहे. ते वाचून माझं डोकं असं तडकलं की मासिक बंबात घातलं.

शितांशूबाबू गेले तेव्हा उशाशी निभाच होती. एव्हाना तो गल्लीचा रिवाज पडला होता. कोणाचा बाप अंथरुणाला खिळला, कोणाचं पोर तापलं, कोणाकडे मयत ठेवून मुलाची वाट बघायची असली की निभाला बोलवा. तिला काय, ती जागीच असते. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की त्याचा मला वीट आला. दुसऱ्याची झोप गेली तर आपली किती चैन होते, हे आमच्या गल्लीइतकं कोणी शिकलं नसेल. लग्नाचं कोणी काढलंच नाही. रात्रभर टक्क डोळ्यांनी बघत बसणारी बायको कोण करील?

आणि त्या दालनात दुपारी जायचं मी सोडलं होतं, तेही सांगते. एकदा पंचांग मागायला गेले. घर निजलेलं, निभा मागे अंगणात राख घेऊन भांडी घासत होती, तो आवाज मला ऐकू येत होता. दालनात भिंतीवरच्या त्या चित्राखेरीज कोणीही नव्हतं. तरी तिथे कोणीतरी श्वास घेत होतं. संथ, खोल, पोटभर जेवलेल्या माणसाचा श्वास. मी पंख्याकडे बघितलं, तो बंद होता. मांजर नव्हतं. मग पाठीमागे दारात निभा आली, ओल्या हातांनी, आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला दिदीमणी," ती कुजबुजली. "झोपलीय ती."

ती त्या दालनात केरसुणीसुद्धा आवाज न करता फिरवायची. मी पंचांग न घेता घरी आले.

अशी वर्षं गेली. निभाचे केस पिकले, कनकगिन्नी अंथरुणाला खिळल्या, आणि ज्या झोपाळू पोरीला शिव्या दिल्या तिच्याच हातून त्यांचं सगळं झालं. त्यांचा मुलगा दीप्तेंदू उशिरा लग्नाला उभा राहिला. सून आणली मोहर, बंगालीच पण दिल्लीत वाढलेली. मोहरने सासू पाहिली ती फक्त उशीवरचा वाळलेला चेहरा म्हणून. लग्नाला दोन-तीन महिने होताहेत तोच कनकगिन्नी गेल्या आणि माशाच्या कडीचा जुडगा मोहरच्या पदराला आला.

श्राद्धाच्या दिवशी सकाळपासून घर माणसांनी भरलेलं. कनकगिन्नींचा फोटो मोठा करायला स्टुडिओत दिला होता, तो वेळेवर आलाच नाही, आणि हे मोहरला कोणी सांगितलं नाही. दीप्तेंदू डोकं भादरून पुरोहितापुढे बसलेला. जाता जाता कोणीतरी मोहरच्या हातात निशिगंधाचा हार आणि चंदनाची वाटी दिली, म्हणे सासूच्या तसबिरीला घाल. ती दालनात आली. समोर भिंतीवर एवढी मोठी बाई, आजवर तिने कधी नीट न न्याहाळलेली, याच लाल जमिनीवर निजलेली, आणि पदराला तोच जुडगा, तीच माशाची कडी. तिने आपल्या पदराकडे बघितलं, चित्राकडे बघितलं. किल्ल्या जिच्या पदराला ती घरची मालकीण, हे तर दिल्लीतल्या बंगाल्यांनाही कळतं. तिने चौकटीला हार घातला, चंदनाचे ठिपके लावले आणि वाकून नमस्कार केला.

मी उदबत्त्या लावत होते. वर बघितलं तोवर नमस्कार होऊन गेला होता. त्याच वेळी निभा फळांचं पितळी ताट घेऊन दारात आली.

तिने स्वतःला हार घातलेला पाहिला. जिवंत बाई गळ्यात... चित्राच्या गळ्यात निशिगंध, आणि ती स्वतः हातात ताट घेऊन उभी. मला वाटलं, आता किंचाळेल किंवा कोसळेल. तिने ताट जपून खाली ठेवलं आणि जांभई दिली. मोठी, जबडा दुखेल अशी जांभई. मग एवढ्या माणसांमध्ये, चित्राखाली, लाल जमिनीवर ती कुशीवर झाली आणि हात लांब केला. हाताची बोटं एकेक करून उघडली. त्या दालनात मी ऐकला होता तोच श्वास सुरू झाला, पण आता तो खालून येत होता.

पुरोहित ओरडला की जिवंत माणसाच्या तसबिरीला हार घातलात, आयुष्य तुटेल तिचं, काढा आधी. दीप्तेंदूने ओढला. दोरा तुटला, फुलं जमिनीवर पसरली. निभाची बोटं मिटली आणि डोळे उघडले.

"काढलात?" एवढंच ती म्हणाली. मग फुलं पदरात गोळा केली आणि पाहुण्यांना लुचीच्या पुऱ्या वाढायला उठली.

पुढे कितीतरी दिवस ती दीप्तेंदूच्या मागे लागली होती. परत घाला म्हणायची. इतक्या वर्षांत तिने त्या घरात काही मागितलेलं मला आठवत नाही. पण ऐकतो कोण? गल्लीतला जो तो येऊन समजावून गेला, असलं अभद्र मनात आणू नकोस, तुझं आयुष्य मोलाचं आहे. तिच्या आयुष्याचा एवढा पुळका एकदम कुठून आला हे मला चांगलं दिसत होतं. पलीकडच्या घोषांचा बाप अर्धांगाने पडला होता आणि त्याच्यासाठी निभाचं नाव आधीच लावून ठेवलेलं होतं. मी घोषगिन्नीला तोंडावर म्हटलं, काळजी निभाची आहे की तुमच्या सासऱ्याच्या बेडपॅनची? तिने वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. माझं काही अडलं नाही.

थंडीत मोहरला मुलगी झाली. पोर रडकी, घटकाभरही डोळा लागू देईना. निभाने तिला खांद्यावर घेतली ती घेतलीच. मोहर झोपायची, निभा जागायची. म्हणजे या हाराचा सगळ्यांत मोठा तोटा होणार होता तो मोहरचाच. आणि तरी चैत्रातल्या एका दुपारी, दीप्तेंदू कचेरीत असताना, तीच बाजारातून ताजा निशिगंध घेऊन आली. एकटीला धीर होईना म्हणून मला हाक मारली. हार घातला, निभा खाली निजली, हात उघडला. आम्ही दोघी पोरीला मांडीवर घेऊन बसलो. संध्याकाळ जवळ आली तशा पाकळ्यांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या, एखादं फूल गळायचं आणि निभाचं एक बोट आत वळायचं. शेवटी ती जागी झाली. तिच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पाहिलं.

"बौमा," ती सुनेला म्हणाली, "नदीत उतरावं आणि कोणी वेणी धरून वर ओढावं तसं होतं गं. कोमेजत नाही तो हार आण ना."

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या तसबिरीला शोलाचा हार घालतात. पाणथळीतल्या झाडाचा पांढराशुभ्र गाभा, नवरदेवाचा मुकुटही त्याचाच होतो. तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. मोहरला हे समजायला वेळ लागला नाही. रात्री नीट जेवली नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी भर दुपारी माझ्याकडे आली, आणि मी झोपमोड झाली म्हणून ओरडलेही नाही.

"बेलादी, ताजा हार उतरतो तरी. तो उतरणार नाही. मी हातानं मारल्यासारखंच होईल ना?"

"होईल," मी म्हटलं. खोटं बोलायची ती वेळ नव्हती.

"मग नको ना?"

"तुला हवी तेवढी झोप मिळते ना हल्ली?"

ती पदराच्या किल्ल्या चाळवत राहिली. मग म्हणाली, "निभामासी म्हणते, आधी पिल्लू रात्र काढायला लागू दे. मग घाल म्हणते. माझ्यासाठी थांबलीय ती, बेलादी." आणि ती माझ्या पलंगावर बसून रडली. मलाही आवरेना.

दुर्गापूजेचे दिवस होऊन गेले, पुन्हा थंडी आली, पोर एका झोपेत सकाळ करायला लागली. मोहरने ते निभाला स्वतःहून सांगितलं. लपवता आलं असतं. त्या दिवशी निभाने आंघोळ करून हिरव्या काठाचं पांढरं लुगडं नेसलं, मोहरीचं तेल कुठे, पोरीची गुटी कशी उगाळायची ते सांगितलं, सगळ्यांना पोटभर वाढलं आणि दालनात चटई टाकली. माझ्याकडे बघून म्हणाली, "दिदीमणी, तुम्हीही जाऊन पडा. दुपार झाली." मोहर स्टुलावर चढली. हार तिच्या हातून दोनदा सुटला.

उन्हाच्या पट्ट्या सरकत सरकत भिंतीवर गेल्या तोवर निभा श्वास घेत होती. संथ, खोल. मग कधी थांबली ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. हात उघडा होता. डॉक्टरने हृदय लिहिलं. गल्लीने मोहरला नको नको ते ऐकवलं, घोषगिन्नी सर्वांत मोठ्याने, कारण आता सासऱ्यापाशी तिलाच बसावं लागत होतं.

मी त्या घरी पुन्हा गेले ती बऱ्याच दिवसांनी, भर दुपारी, मुद्दाम. दार नुसतं लोटलेलं. दालनात पोर चटईवर निजली होती, एकटी, मूठ उघडी. मी कान दिला. श्वास एकच होता, पोरीचा. मग मी चित्राजवळ गेले, शोलाचा हार जरा बाजूला केला आणि चष्मा पुसून बघितलं. रंगाला जुन्या बारीक भेगा, कुठेही नव्या ब्रशचा हात नाही. चटई तीच, किल्ल्या त्याच, बाई कुशीवर तशीच. पण पसरलेल्या हाताची बोटं आत वळलेली होती.

डोळे मिटून पडली होती ती, झोपली नव्हती.

मोहर आतून आली, केस विस्कटलेले, गालावर उशीचे वळ. मी कुठे बघतेय ते तिने बघितलं आणि तिला नवल वाटलं नाही.

"पोर इथेच झोपते, बेलादी. आत नेली की उठते," ती हळू आवाजात म्हणाली. "मीही आता दुपारची पडते जराशी. इथे कोणीतरी जागं असतं ना."

दारातून वळून चित्राकडे बघून मान हलवली, जशी निभाकडे बघून रोज हलवायचे. मग चपला हातात घेऊन घरी आले आणि झोपले.